डाग पुसणारे काका

आमच्या काकांचा फोटो स्टुडिओ म्हणजे गल्लीतली एक चिंचोळी खोली. पुढे काउंटर, मागे पांढरा पडदा आणि त्यासमोर एक गोल स्टूल. त्या स्टुलावर बसून अख्ख्या गावाने "हनुवटी थोडी वर" ऐकलेलं आहे. पासपोर्टच्या फोटोत मागे सावली पडली की फोटो नापास, त्यामुळे काकांचा जन्म सावल्या हाकलण्यात गेला. मुरुम आणि ओरखडे तर ते कॉम्प्युटरवर इतक्या सफाईने पुसतात की गिऱ्हाईक स्वतःलाच ओळखत नाही. मी त्यांची पुतणी, काउंटर सांभाळते, म्हणून हे अधिकाराने सांगते.

सुट्टी आली की काका कॅमेरा, तिपाई आणि काकूला घेऊन डोंगरात पळतात. दऱ्या, सुळके आणि उघड्या खडकांवर कुणी कोण जाणे कधी कोरलेली जनावरं, यांचं त्यांना भारी वेड. तिथेही सवय काही सुटत नाही. एका दगडी बैलाला ते "हलू नका हं" म्हणाले, हे मी या कानांनी ऐकलंय. काकूकडे छत्रीचं खातं. कोरलेल्या रेषा उथळ असतात, भर उन्हात दिसतच नाहीत. मग काकू छत्रीने खडकावर सावली धरते, काका बाजूने आरशाचा कवडसा टाकतात आणि रेषा उठून दिसतात. फोटोत काकू कधीच नसते.

गेल्या खेपेला त्याच बैलाच्या पायाशी वाकून काकू ओरडली, "अहो, इथे वासरू आहे!" खरंच होतं, तळहाताएवढं. आजवर कुणाच्याच नजरेला पडलं नव्हतं. काकांनी लगेच फोटो काढला. पुढे वाचनालयाच्या हॉलमध्ये काकांच्या फोटोंचं पहिलंवहिलं प्रदर्शन ठरलं, तेव्हा काकूने भेटेल त्याला आमंत्रण दिलं, "माझं वासरू बघायला या." बहिणींना तर तिने दमच भरला.

मोठी प्रिंट आली. काकूने चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अहो, वासरू कुठंय?"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. खडक कसा नितळ, गुळगुळीत! बैलाच्या पायाशी ओरखडे दिसले आणि हाताच्या सवयीने त्यांनी ते पुसून टाकले होते. वर मूळ फोटोवरच हात चालवलेला, त्यामुळे मागे काही उरलं नव्हतं.

काकू भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "जाऊ दे. दिसण्यासारखं नसेलच ते." मला काकांचा असा राग आला की दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

प्रदर्शन तोंडावर आलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पासपोर्टवाले दारात उभे असताना काकांनी स्टुडिओला कुलूप घातलं आणि काकूला म्हणाले, "चल, छत्री घे." मीही न विचारता गाडीत घुसले.

वर पोचलो तर आभाळ गच्च. ऊन नाही म्हणजे आरसा कुचकामी, आणि आरसा नाही म्हणजे वासरू नाही. काका खडकावर येरझाऱ्या घालत होते, काकू मात्र मांडीवर छत्री घेऊन बसून होती. बऱ्याच वेळाने ढग फाटले. काकू टुणकन उठली, तिने छत्री उघडली, मी आरसा धरला, आणि बैलाच्या पायांत ते वासरू हळूच उभं राहिलं. मला तर रडूच फुटलं.

प्रदर्शनात गर्दी होती त्या फोटोसमोर. बैलाचे पाय, त्यांत वासरू, आणि खालच्या कोपऱ्यात छत्रीवाल्या बाईची सावली. पलीकडच्या गल्लीतला स्टुडिओवाला टपलेलाच होता. "काय हो, सावली पुसायची विसरलात?"

"विसरलो नाही," काका सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले. "हे वासरू ज्यांनी शोधलं, त्या बाई आहेत त्या."

काकूच्या डोळ्यांत पाणी आलं. पदराने चष्मा पुसत ती म्हणाली, "मग हनुवटी वर करायला तरी सांगायचंत!"