सत्कारमूर्ती गैरहजर

आमच्या डोणगावात माणसाला नोकरी लागण्याआधी त्याचा फ्लेक्स लागतो. माझ्या ताईचा लागला तेव्हा तिच्याकडे विमान चालवायचं लायसन होतं, बोत्सवानाचा व्हिसा होता आणि एका गोऱ्या माणसाचा दोन ओळींचा मेसेज होता. नोकरी नव्हती. फ्लेक्सवर मात्र ‘आंतरराष्ट्रीय वैमानिकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. मागे चार इंजिनांचं जंबो विमान, ज्याच्या शिडीलाही ताईने कधी हात लावला नव्हता. वर मोठे नेते, त्यांच्या खाली छोटे नेते, त्यांच्या खाली शुभेच्छुक, आणि ताई खाली उजव्या कोपऱ्यात, एखाद्या शुभेच्छुकाची पुतणी असावी तशी.

मी बेरोजगार पोरांच्या संघटनेत काम करतो. पत्रकं लिहितो, मेहकरच्या स्टँडवर वाटतो, लोक त्यांत भजी बांधून नेतात. छापील खोटं मला लांबून ओळखता येतं. तरी ह्या फ्लेक्ससमोर मी बराच वेळ उभा राहिलो.

ताईने दक्षिण आफ्रिकेत ट्रेनिंग घेतलं. बाबांचं गावात खता-बियाण्यांचं कृषी केंद्र आहे, त्यांनी त्यासाठी रस्त्याकडचा प्लॉट विकला. लायसन घेऊन ती परत आली, तर इथल्या कंपन्या म्हणाल्या, अनुभव दाखवा. उड्डाणाचे तास नाहीत म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून तास नाहीत. हा व्यवहार ज्या कोणी शोधून काढला त्याला माझा दंडवत. दरोडेखोरालाही इतकं स्वच्छ काम जमत नाही.

मग तिच्या आफ्रिकेतल्या शिक्षकाने तिला वाट सांगितली. बोत्सवानात एक धुळकट गाव आहे. तिथून लहान विमानं जंगलातल्या कॅम्पांवर पर्यटक नेतात, त्यांचे बटाटे नेतात, पाण्याच्या बाटल्या नेतात. विमान केवढं? आपली काळी-पिवळी जीप, तिला पंख लावायचे, तेवढं. तिथे भरतीची जाहिरात निघत नाही. पर्यटनाचा हंगाम जवळ आला की जगभरची बिनकामाची पायलट पोरं विमानतळाच्या गेटवर येऊन उभी राहतात. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून यायचं, कंपनीच्या माणसांना तोंड दाखवायचं, संध्याकाळी परत जायचं. जो रोज दिसतो त्याला कधीतरी आत बोलावतात. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत आमच्या चौकात मजूर उभे राहतात, अगदी तसं. शिकलेल्या पोरांना त्यांच्याच खर्चाने परक्या देशात उन्हात तिष्ठत ठेवायचं, आणि वर त्याला ‘साहस’ म्हणायचं! मी त्याला वेठ म्हणतो.

गेल्या वर्षी ताई व्हिसा संपेपर्यंत त्या गेटवर उभी राहिली. तिथली विमान-कायद्याची परीक्षा पास झाली. शेवटी एका कंपनीने तिला विमानं धुवायला आणि खोकी चढवायला घेतलं, फुकट. व्हिसा संपल्यावर ती घरी आली. दुकानात येणारा प्रत्येक जण खताच्या गोणीबरोबर एक प्रश्न घेऊन यायचा, “काय करून राह्यली पोरगी?” बाबा म्हणायचे, “ट्रेनिंग चालू हाय.” गेटवर उभं राहण्याला आमच्याकडे शब्द नाही. म्हणजे आहे, पण तो पायलटच्या बापाला वापरता येत नाही.

तर तो मेसेज. ज्यांची विमानं तिने धुतली होती त्या कंपनीच्या मुख्य पायलटचा. त्यांचा एक पोरगा नोकरी सोडून जात होता. सोमवारी चाचणीचं उड्डाण. ‘इथे असशील तर ये. नसशील तर गेटवर आहेतच.’

मुंबईहून शनिवारी रात्रीचं विमान. समृद्धी महामार्गाने गाडी वेळेत पोचायची तर दुपारी बाराच्या आत निघायला हवी. गावाने ताईचा सत्कार ठेवला होता बुधवारी. बुधवारी साहेबांना कुठेतरी मयतीला जायचं होतं, म्हणून तो शुक्रवारी ठरला. शुक्रवारी साहेबांना लग्न होतं. मग शनिवार, सकाळी दहा, पक्कं. साहेब म्हणजे प्रमुख पाहुणे. त्यांचं काम काय, हे गावात कोणालाच सांगता येत नाही, पण त्यांच्यावाचून आमच्याकडे नारळ फुटत नाही.

शनिवारी बाजार समितीसमोर मांडव घातला. शाळेच्या पोरी आणून उन्हात बसवल्या. ताईला स्टेजवर मधल्या खुर्चीत बसवलं. तिची बॅग गाडीच्या डिकीत, गाडीची चावी बाबांच्या खिशात. माइकवाला दर थोड्या वेळाने सांगे, “साहेब निघालेले आहेत.”

अकरा वाजून गेले तेव्हा ताईने सत्कार समितीच्या अध्यक्षांना विचारलं, “काका, कुठून निघाले?”

“घरून निघाले म्हणे.”

“मघाशीच निघाले होते ना?”

“मघाशी आंघोळीले निघाले होते. आता खरंच निघाले.”

“काका, मले बाराले निघा लागते. विमान चुकंल.”

अध्यक्ष हसले. “अवं, फोन करून सांग ना त्याईले, थोडं थांबा म्हणा. तू तं पायलट हाय. तुह्यासाठी नाही थांबणार काय?”

समितीचे बाकीचे लोक माना हलवत होते. ह्या लोकांनी जन्मभर एसटी हात दाखवून थांबवली आहे. विमान ही त्यांच्या लेखी उंचावरून जाणारी एसटी. मी मधे पडलो, “काका, तिची नोकरी जाईल.”

“कोणती नोकरी बे? लागली ना! फ्लेक्सवर लिवलं हाय.”

स्वतःच छापायचं, आणि मग स्वतःच पुरावा म्हणून वाचायचं.

ताई स्टेजवरून उतरून बाबांकडे आली. बाबा पहिल्या रांगेत बसले होते, नवा सदरा घालून. “सायबाच्या हातून एक शाल घे अन् जाय,” ते हळू आवाजात म्हणाले. “लोकायची तोंडं बंद होतील.”

“बाबा, मी सोमवारी तिथं नसली तं दुसऱ्याले घेतील.”

“मले समजते.”

“मंग?”

बाबांनी मागे वळून मांडवाकडे पाहिलं. वर्षभर खताच्या गोणीबरोबर प्रश्न आणणारे सगळे तिथे रांगेने बसले होते, फुकटच्या चहाची वाट बघत. असल्या लोकांच्या तोंडांची माझ्या बापाला इतकी भीती वाटावी, ह्याचा मला तेव्हा भयंकर राग आला. अजून येतो. पण त्यांनी खिशात हात घातला, चावी काढली आणि ताईकडे न बघता ड्रायव्हरच्या हातात दिली. ताई त्यांच्या पाया पडली, आईच्या पडली आणि सगळ्या गावादेखत गाडीत बसून निघून गेली. माइकवाला त्या धुळीकडे बघत म्हणाला, “साहेब निघालेले आहेत.”

आता मधली खुर्ची रिकामी. अध्यक्षांना घाम फुटला. त्यांनी आमच्या घरी माणूस पळवून ताईचा पांढऱ्या शर्टातला फ्रेम केलेला फोटो आणवला आणि खुर्चीत ठेवला. बाजूला समई होतीच.

साहेब आले एक वाजता. फोन कानाला लावूनच स्टेजवर चढले. समोर खुर्चीत फोटो, शेजारी समई, आणि अध्यक्षांनी हातात दिलेला झेंडूचा हार. तो त्यांच्यासाठीच आणलेला असावा. साहेबांचे हात असल्या कामाला सरावलेले. त्यांनी फोन खिशात टाकला, चपला काढल्या, फोटोला हार घातला, डोळे मिटले. मग माइकवर आले. “इतक्या लहान वयात ही लेक आपल्याला सोडून गेली. तिच्या आत्म्याला शांती लाभो. आपण सर्व जण दोन मिनिटं उभे राहू.”

आणि लोक उभे राहिले.

मी कितीतरी सभा पाहिल्या आहेत, पण असं पाहिलं नव्हतं. ताईला गाडीत बसताना प्रत्येकाने पाहिलं होतं. शाळेच्या पोरींनी टाटा केला होता. तरी सगळा मांडव उठला आणि माना खाली घालून उभा राहिला. साहेब म्हणतात तर मेली असेल! अध्यक्ष उभे, समिती उभी, माइकवाला उभा.

बायकांच्या बाजूने माझी आई ओरडली, “अरे मुर्द्यायनो, मेली नाही ती! मुंबईले गेली!”

साहेबांनी डोळे उघडले. “अच्छा. उत्तम, उत्तम,” म्हणाले, आणि अध्यक्षांनी पुढे केलेली शाल बाबांच्या खांद्यावर टाकायला वळले. बाबा जागेवर नव्हते. ते खुर्चीपाशी जाऊन फोटोवरचा हार काढत होते. हार त्यांनी समईशेजारी ठेवला, फोटो बगलेत मारला आणि मांडवाबाहेर चालायला लागले. मी त्यांच्या मागे गेलो. माझ्या मोबाइलवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ येत राहिली, उभ्या राहिलेल्यांपैकी काहींचीसुद्धा.

सोमवारी संध्याकाळी ताईचा फोन आला. आईने स्पीकर लावला. मुख्य पायलटने तिला जंगलातल्या मातीच्या पट्टीवर उतरायला लावलं होतं. पट्टीवर जिराफ उभा होता, म्हणून एक चक्कर जास्त मारली, मग उतरली. “घेतलं,” ती म्हणाली. “परवान्याचे कागद झाले की उडायचं.”

आईने रडून घेतलं. बाबांनी विचारलं, “पट्टी मुरमाची हाय का काळ्या मातीची?” वाळूची आहे, असं तिने सांगितलं. मग पावसात चाक कसं रुततं ह्यावर दोघं बोलत राहिले.

शेवटी मी फोन घेतला. “गेटवर बाकी कोण होतं व?”

“नॉर्वेचा एक पोरगा. माह्या आधीपासून उभा हाय. आज मी आतून बाहेर आली तं त्यानं अभिनंदन केलं.”

“मंग त्याले चहा तरी पाजायचा.”

“म्हटलं ना. समोरच हाटेल हाय. पण तो येत नाही म्हणे.”

“काऊन?”

“तेवढ्यात कोणी आत बोलावलं तं?”