मागून हाक

आधी काकूंचं सांगते. एजवेअरला राहतात, एकट्याच. जन्मभर लंडनच्या एका हॉस्पिटलात रिसेप्शनवर होत्या. माझ्या नात्यातल्या नाहीत, गावाकडच्या नाहीत. त्या भेटल्या नसत्या तर मी अजून घरात बसून सगळ्यांना सांगत असते, की माझ्या मुलाला जरा सर्दी आहे म्हणून.

आम्ही लंडनबाहेर, मिल्टन कीन्सला राहतो. नवरा एका रेस्टॉरंटात तंदूरवर असतो. सकाळी जातो तो आम्ही झोपल्यावर येतो. मी नववीत शाळा सोडली, आई अंथरुणाला खिळली म्हणून. त्या नववीच्या इंग्रजीवर इथे कसं भागणार? दुकानात मी जिथे आपलं आपण बिल करायचं मशीन असतं तिथेच जायची, म्हणजे तोंड उघडावं लागत नाही. इथे बहुतेक सगळे गाडीने जातात. आमच्याकडे गाडी नाही, म्हणून मी बाबागाडी ढकलत इथल्या लाल पायवाटांवरून चालायची. समोरून एखादा सायकलवाला 'मॉर्निंग' म्हणून गेला, तर दिवसभराचं माणूस तेवढंच. बाकी मी मुलाशी बोलायची, आणि तो उत्तर द्यायचा नाही.

अडीच वर्षांचा झाला तरी एक शब्द नव्हता. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणायच्या, "आमच्याकडचे पोरगे उशिराच बोलतात. याचा बाप असाच होता, आता गप्प बसतोय का बघ." सगळे हसायचे. मीही हसायची.

पण मला कळलं होतं. कुकरची शिट्टी झाली तरी तो आपला गाड्यांची रांग लावत बसायचा. एकदा मी त्याला मागून हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली. त्यानंतर मात्र मी मागून हाक मारणंच सोडून दिलं. दर वेळी समोर जायची, वाकायची, चेहऱ्यासमोर चेहरा न्यायची आणि मग त्याचं नाव घ्यायची. तो लगेच बघायचा, हसायचा. बघितलंस, ऐकतोय की, असं मी मलाच सांगायची. कुणी बाहेर निघालं की मागून हाक मारू नये, असं आमच्याकडे म्हणतात. मी तो नियम घरातल्या घरात लावून घेतला. आई-आजीपासून चालत आलेलं पाळतेय असं वाटलं की बरं वाटायचं.

लहान मुलांना बघायला घरी येणाऱ्या सरकारी नर्सबाईंनी त्याचं नाव कान तपासायला घातलं होतं. हॉस्पिटलचा फोन येईल म्हणाल्या. फोन आले, पण त्यांच्यावर नंबर दिसायचा नाही. आणि इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, की नंबर न दाखवणारे फोन उचलू नका, व्हिसाचं काहीबाही सांगून घाबरवतात. ते वाचून मला खरं तर हायसं वाटलं. फोन वाजला की मी तो उशीखाली सरकवायची आणि थांबेपर्यंत भाजी चिरत बसायची. नंतर नंतर भाजी नसली तरी कांदा घ्यायची.

गणपतीत इथल्या एका हॉलमध्ये सगळे जमतात. डॉक्टर, आयटीवाले, त्यांच्या नटलेल्या बायका. 'तू काय करतेस?' हा प्रश्न चुकवायचा असेल तर मागच्या स्वयंपाकघरात भांडी घासत उभं राहावं, तिथे कुणी विचारत नाही. मुलगा माझ्या पायाशी झाकणं घेऊन खेळत होता. तेवढ्यात कुणाच्या तरी हातून स्टीलच्या ताटांची चळत पडली. बायका दचकल्या, एकीने छातीवर हात ठेवला. मुलाने मानही वळवली नाही.

तिथे काकू ताक घुसळत होत्या. त्यांची मुलगी इथेच राहते, तिच्याकडे आल्या होत्या. त्यांनी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कान दाखवलेस का गं याचे?"

"सर्दी आहे त्याला, काकू."

"सर्दी मलाही आहे. मी दचकले की नाही?" मग हळू आवाजात, "हॉस्पिटलातून फोन आला नाही तुला?"

"नंबर नसलेले येतात. ते फसवणारे असतात ना, ग्रुपवर आलंय."

काकू हसल्या. "मग फसवणारी मीच. सगळी नोकरी हेच फोन करण्यात गेली. अगं, हॉस्पिटलचा नंबर दिसतच नाही. आणि तुझ्यासारख्या शहाण्या उचलत नाहीत, मग आम्ही यादीतून नाव काढून टाकतो."

मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "आधी ती कढई घास. उद्या येते मी."

आल्या खरंच. मला वाटलं, त्याच फोन करतील. त्यांनी नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"काकू, तुम्हीच बोला ना. माझं इंग्रजी…"

"आई कोण आहे त्याची? मी आज आहे, उद्या एजवेअरला. सरळ सांग, माय सन डझ नॉट हिअर मी. बाकी ती विचारेल."

पलीकडून बाई बोलली आणि मी ते वाक्य म्हटलं. मराठीत ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. बाई म्हणाली, "ओके, लव्ह." इथे अनोळखी माणसालाही मायेने असं म्हणतात. नाव काढलेलंच होतं. तिने पुन्हा घातलं.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो बूट काढत होता. एक बूट हातातच राहिला. मग म्हणाला, "मी पण टीव्हीचा आवाज वाढवून बघितला होता एकदा."

तपासणीला नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. मी मुलाला मांडीवर घेऊन एका बंद खोलीत बसले. आवाज आला तरी मी हलायचं नाही, असं सांगितलं होतं. एका कोपऱ्यातून बारीक सूर यायला लागला. मला ऐकू येत होता. मुलगा माझ्या बांगडीशी खेळत होता. सूर वाढला, तो तसाच. वाटलं, हाताने हळूच खुणवावं त्याला, तिकडे बघ. मी हात घट्ट धरून ठेवले. कितीतरी वाढल्यावर त्याने मान वळवली आणि तिथल्या पेटीत, ऐकल्याचं बक्षीस म्हणून, अस्वलाचा दिवा लागला.

दोन्ही कानांत चिकट पाणी साठलं होतं. पुढे छोटं ऑपरेशन करावं लागेल, तोवर डोक्याला पट्टा आणि त्यावर ऐकायचं यंत्र. पट्टा लावला त्या दिवशी तो वेफर्सच्या पुडीच्या आवाजाला घाबरून रडला. मी पुडी वाजवत राहिले आणि तोही रडत राहिला. परवा पहिल्यांदा 'पाणी' म्हणाला. अर्धंच, 'पा'. सासूबाई म्हणाल्या, "मी सांगितलंच होतं."

हे सगळं सांगायला मी एजवेअरला गेले. काकू चहा टाकत होत्या. मला म्हणाल्या, कपाटातून चांगले कप काढ. कपांच्या मागे झाकणाचा एक हिरवा प्लॅस्टिकचा डबा होता. मी तो बाजूला करायला उचलला, तर चांगलाच जड.

"ते काका," काकू म्हणाल्या. गॅसकडेच बघत होत्या. "अस्थी नाशिकला न्यायच्यात. मुलगी दर वर्षी म्हणते. कधी गुडघे दुखतात, कधी तिकडे ऊन फार असतं. यंदा थंडी संपली की बघू."

मी डबा होता तिथे ठेवला, समोर कप होते तसे लावले. त्यांनी दुसरेच काढले. चहा घेताना त्या मुलाबद्दल विचारत राहिल्या आणि मी सांगत राहिले.

परतीच्या ट्रेनमध्ये ठरवलं, तेच इथे लिहून ठेवते. काकू, मला घाई नाही आणि मी विषय काढणार नाही. तुम्ही ज्या दिवशी निघायचं म्हणाल, त्या दिवशी मी मुलाला घेऊन तुमच्यासोबत गोदावरीवर येईन.