मला कुठं जायचंय!

अख्ख्या नगर जिल्ह्यात जिथे जिथे एखाद्या सरकारी कागदावर नाव हवं होतं आणि ते द्यायला कुणीही तयार नव्हतं, तिथे तिथे आमच्या दाजींचं नाव सापडेल. मधल्या काळात जिल्ह्याचंसुद्धा नाव बदललं, दाजींची सवय बदलली नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहायला भिंगारला, लष्कराच्या भांडारात सिव्हिलियन कारकून म्हणून नोकरी करून निवृत्त. मी गेलं वर्षभर त्यांच्यावर संतापलेली आहे. हे आधीच सांगते, कारण पुढे वाचताना कुणाला ते भलते गोड गृहस्थ वाटतील आणि माझा राग उगाच आहे असं वाटेल. राग उगाच नाही.

भटक्या कुत्र्यांना लस टोचायला माणसं आली, तेव्हा त्यांच्या कागदात 'मालकाचे नाव' असा रकाना होता. तो रिकामा ठेवता येत नाही म्हणून ती माणसं अडून बसली. दाजी दूध आणायला निघाले होते. "माझं ल्ह्या," म्हणाले आणि गल्लीतल्या यच्चयावत कुत्र्यांचे मालक होऊन दूध घेऊन घरी आले. पुढे त्यातल्या एका कुत्र्याने पोस्टमनची पोटरी धरली, तेव्हा नोटीस कुणाला आली हे सांगायला नको. विवाह नोंदणीच्या कचेरीत ते स्वतःच्या पेन्शनच्या कसल्याशा दाखल्यासाठी शेजारच्या खिडकीवर उभे होते, तर एका घाबरलेल्या जोडप्याला साक्षीदार कमी पडत होता. दाजींनी सही केली. संध्याकाळी मुलीचा बाप शेवगावहून जीप भरून माणसं घेऊन आला. दाजींनी जीपमधल्या सगळ्यांना चहा पाजला आणि "पोरगा चांगला हाय" असं त्याला छातीठोकपणे सांगितलं, मुलाचं नावही माहीत नसताना. अपघातातल्या एका अनोळखी माणसाला दवाखान्यात दाखल करताना 'नातेवाईक कोण?' विचारलं, तर हे त्याचे भाऊ झाले. मग खरे भाऊ आले, आणि वडिलांना अजून एक मुलगा होता की काय म्हणून त्यांच्यातच जुंपली.

अक्का सुरुवातीला भांडायची. नंतर नंतर तिने एकच नियम केला, की घरात आलेला सरकारी लिफाफा जेवण झाल्याशिवाय फोडायचा नाही.

तर रस्त्याचं प्रकरण. गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता आहे आणि पलीकडे शाळा. तिथे गतिरोधक बसवा म्हणून अर्ज करून लोक थकले. मग शाळेतल्या एका मुलीचा पाय मोटारसायकलखाली सापडून मोडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी गल्ली रस्त्यावर बसली. बायका, पोरं, रिटायर्ड माणसं, झाडून सगळे. दोन्हीकडे ट्रकच्या रांगा लागल्या. पोलीस आले. साहेब समजूतदार होते. म्हणाले, "वरून विचारणा होते, मला गुन्हा नोंदवावाच लागेल. दोन-चार नावं द्या आणि बाकीचे घरी जा."

एका क्षणात आंदोलनाची हवा गेली. एकाला सैन्याच्या भरतीला उभं राहायचं होतं. एकाचा पासपोर्ट व्हायचा होता. एकाच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. सॅम्युएल सरांना अनुदानित शाळेतली नोकरी होती. सगळी कारणं खरी होती, हीच चीड आणणारी गोष्ट आहे. आणि मग सगळ्यांच्या माना, आपोआप, सूर्यफुलासारख्या दाजींकडे वळल्या.

"माझं ल्ह्या की, सायेब," दाजी म्हणाले. "मी रिटायर मानूस. मला कुठं जायचंय!"

"अहो काका, एकट्यानं रस्ता अडवला असं कसं लिहू?"

"आडवा पडलो हुतो म्हना."

साहेबांनी शेवटी दाजींचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'व इतर'. हे 'इतर' आजही त्याच गल्लीत राहतात. गतिरोधक झाला, तो ओलांडताना रोज गाडी हळू करतात. त्यातला एक पुढे सैन्यात लागला, त्याच्या आईने पेढे वाटले. ज्याचा पासपोर्ट व्हायचा होता तो तर कॅनडात आहे आणि बर्फात उभं राहून काढलेले फोटो दाजींना पाठवतो.

दाजींना मात्र कोर्टाच्या तारखा लागल्या. त्यांनी त्याचाही सण केला. तारखेला जाताना राहुरीचे पेरू न्यायचे, कारकुनाला द्यायचे, शिपायाच्या मुलाच्या बारावीची चौकशी करायची. काही वर्षं हे चाललं. मग एका वकिलाने सल्ला दिला. "काका, गुन्हा कबूल करून टाका. किरकोळ दंड होईल, विषय संपेल." विषय संपेल! हा सल्ला देणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. दाजींनी कबूल केलं. मॅजिस्ट्रेटनी दंड केला आणि कोर्ट उठेपर्यंत कैद दिली. म्हणजे काय, तर कामकाज संपेपर्यंत कोर्टातच बाकावर बसून राहायचं. दाजी पंख्याखाली बसले. अक्काने दिलेल्या डब्यातली अर्धी भाकरी त्यांनी पहाऱ्यावरच्या हवालदाराला दिली आणि संध्याकाळी घरी येऊन जाहीर केलं, "जेलातनं सुटून आलो." गल्लीने हार घातला. हार घालायला मात्र सगळे 'इतर' हजर होते.

आता खरी गोष्ट. माझी भाची पल्लवी, अक्का-दाजींची मुलगी, लग्न होऊन कॅनडात असते. गेल्या वर्षी तिला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिचं ब्लडप्रेशर वाढलं आणि डॉक्टरांनी प्रवासाला बंदी केली. जावयाची नोकरी शिफ्टची. पोरगी रोज फोनवर रडायची, "आई, तुम्ही दोघं या ना." तेव्हा अक्का-दाजींनीच तिकडे जायचं ठरलं. आमच्या घराण्यात कुठलंही काम निघालं की ते माझ्याकडे येतं, कारण मी ते करते. मी फायली केल्या, फोटो काढवले, झेरॉक्सचे दोन-दोन संच लावले, लोकरीच्या कपड्यांची यादी केली. दाजींनी यादीत नसलेली एक माकडटोपी आणली आणि भिंगारच्या मार्चमध्ये ती घालून बसायला लागले. सवय व्हावी म्हणून.

व्हिसाच्या अर्जात एक प्रश्न होता. तुम्हाला कधी अटक, आरोप, शिक्षा झाली आहे का? सावेडीतला एजंट म्हणाला, "नाही करा. रास्ता रोकोच्या केसा कोण बघतंय?"

"आवो, पन मी शिक्षा भोगलीय," दाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

इथे मी दाजींच्या बाजूने होते. अर्जात खोटं लिहिलं आणि ते सापडलं, तर दारं वर्षानुवर्षं बंद होतात. खरं लिहा, कागद जोडा, समजावून सांगा, हीच रीत. पण समजावून काय सांगणार? इंग्रजीत त्या शिक्षेला कारावासाचाच शब्द आहे. पंखा, बाक आणि अर्धी भाकरी त्या शब्दात कुठेच दिसत नाहीत. खुलाशाच्या चौकटीत चार ओळी मावत होत्या. चार ओळींत मी व्हिसावाल्यांना दाजी कसे समजावून सांगणार होते?

अक्काचा व्हिसा आला. दाजींचा अडला. कोर्टाच्या निकालाची सहीशिक्क्याची प्रत पाठवा, पोलिसांचा दाखला पाठवा. दाखल्यासाठी चौकशीला हवालदार घरी आला, तर दाजींनी त्याला चहा देऊन सगळी कथा रंगवून सांगितली, आडवा पडलो होतो इथपर्यंत. निकालाची प्रत काढायला गेले, तर रेकॉर्ड रूममध्ये ती फाईलच नव्हती. जुन्या इमारतीतून सामान हलवताना कुठल्या तरी गठ्ठ्यात गेली होती. "सापडली की कळवू." मी फेऱ्या मारल्या, अर्ज दिले, आवाज चढवला. नसलेल्या फाईलपुढे आवाज चढवून काही होत नाही.

अक्का कधी पुण्याच्या पुढे एकटी गेलेली नव्हती. "मी नाही जात यांच्याशिवाय," म्हणून तिने बॅग उघडून साड्या परत कपाटात लावल्या. मी त्या परत बॅगेत भरल्या. विमानतळावर ती काचेच्या पलीकडून दाजींना हाताने सांगत होती, गोळ्या, गॅस, कुलूप. दाजी मान हलवत होते. परतीच्या वाटेवर शिरूर आलं तसे ते गाडीत माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "पोरांच्या नोकऱ्या तर झाल्या ना, सुनंदा." त्यांना गाडीतून खाली उतरवायचंच मी बाकी ठेवलं.

नात झाली. दाजींनी तिला फोनवर बघितलं. व्हिडिओ कॉल आला की ते माकडटोपी घालून बसतात. "तिकडं लई गारठा. आज्या उघड्या डोक्यानं बसलाय, आसं नको वाटायला तिला." नात आता त्या टोपीकडे बघून हसते. टोपी काढली की ओळखत नाही.

आणि गेल्या आठवड्यात कोर्टातून फोन आला. फाईल सापडली होती. मी माझ्या मसाल्याच्या कारखान्यातून तडक भिंगारला रिक्षा घेऊन निघाले, की दाजींना उचलायचं, प्रतीचा अर्ज त्यांच्या सहीने आजच द्यायचा. गल्लीच्या तोंडाशी पोचले तर रस्ता बंद. नवीन डांबर टाकताना ठेकेदाराने गतिरोधकच गायब केला होता आणि सकाळी सायकलवरच्या एका मुलाला टेम्पोने उडवलं होतं. हात मोडला, बाकी वाचला. सगळी गल्ली रस्त्यावर बसली होती. मधोमध दाजी.

पोलीस आलेलेच होते. साहेब नवे, वाक्य जुनं. "मला नावं द्या. बाकीचे घरी जा."

माना वळल्या. मी धावत जाऊन दाजींच्या शर्टाची बाही धरली. "दाजी, तोंड उघडलंत तर इथूनच अक्काला फोन लावते. दुसरा गुन्हा झाला की ती पोरगी तुम्हाला फोनमध्येच बघणार, कळतंय का?"

दाजींनी तोंड मिटलं. त्यांना ते किती जड जात होतं ते मला बाहीतून कळत होतं. साहेब पेन धरून उभे. कुणी चप्पल बघत होतं, कुणी मोबाईल. सॅम्युएल सर, आता स्वतः रिटायर झालेले, ट्रकच्या नंबरप्लेटी वाचत होते. मी एकेकाकडे नजर टाकली. इतकी मोठी गल्ली, आणि एकालाही नाव नव्हतं. माझं डोकं असं फिरलं, की त्यांना बोलण्यासाठी उघडलेल्या तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"लिहा माझं. कारखाना माझा स्वतःचा आहे, मला कुणी कामावरून काढत नाही. मला कुठं जायचंय!"

साहेबांनी लिहायला घेतलं. दाजी माझ्या कानाशी लागले. "आधारवर हाय तसंच नाव सांग. न्हाईतर पुढं लई घोळ व्हतो." या एका विषयात त्यांचा सल्ला मी मुकाट्याने घेतला.

माझ्या नावापुढे साहेबांनी 'व इतर' लिहिलं. दाजी मान वाकडी करून ते वाचत होते. "म्हंजी मी आता इतरांत?"

"हो, दाजी."

ते चार पावलं मागे गेले आणि लोकांत जाऊन उभे राहिले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही रिक्षात बसलो. दाजींच्या मांडीवर कागदांची पिशवी होती, तिच्यातून माकडटोपीचा गोंडा बाहेर आला होता. रिक्षा सुरू होताच त्यांनी हळूच विचारलं, "सुनंदा, तुझी धाकटी त्या जर्मनीला शिकायला जायचं म्हनत हुती, तर तू पन जानार हुतीस ना गं तिला पोचवायला?"

"गप्प बसा, दाजी," मी म्हटलं.

त्यांनी टोपीचा गोंडा पिशवीत कोंबला. जिथे गतिरोधक असायला हवा होता, तिथून रिक्षा एकही धक्का न बसता पुढे गेली.