मामांच्या पिकअपचा टर्बो

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, रोज ज्याच्याबरोबर चहा पितो त्या मित्राजवळही नाही. देवळात हात जोडून उभा राहिलो तरी भलतंच काहीतरी पुटपुटून बाहेर येतो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा तुम्ही मामांना पाहिलेलं नाही म्हणून – तेच जास्त खरं असावं.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ माझं वर्कशॉप आहे. गाड्यांची दुरुस्ती होतेच, पण लोक येतात ते मुख्यतः ट्यूनिंगसाठी. इंजिनाच्या कॉम्प्युटरला लॅपटॉप जोडायचा, डिझेल किती सोडायचं, टर्बोच्या पंख्याने हवा किती दाबाने भरायची, ते आकडे बदलायचे – तेच इंजिन जास्त जोर करायला लागतं. दिंडोरीकडचे द्राक्षवाले त्यांच्या पिकअप आणतात, शहरातली हौशी मंडळी मोठी टायरं लावलेल्या डबल कॅबिन आणतात. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, काय काय करून घेऊ? आणि माझं उत्तरही ठरलेलं. आधी टर्बो तपासू, क्लच आणि ब्रेक बघू, मग जोर वाढवू. कमजोर टर्बोवर दाब वाढवायचा नाही. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय, की लोक माझं नाव त्यासाठीच घेतात. तो घाई करत नाही, म्हणतात.

घाई करत नाही!

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. माझं गाव सटाण्याकडचं. डिप्लोमाला नाशिकला आलो तो त्यांच्याकडेच राहिलो. मखमलाबादच्या पुढे त्यांचं शेत, गुलाब आणि शेवंती. मामा रोज सकाळी फुलांचे क्रेट पिकअपमध्ये भरून फुलबाजारात न्यायचे. त्या पिकअपवर मी गाडी शिकलो. पहिल्यांदा इंजिन उघडलं तेही तिचंच. मी नुसता पाने-पक्कड घेऊन उभा होतो, विचारायचा धीर होत नव्हता, तर मामा म्हणाले, "उघड की. परत बसव म्हंजे झालं." दुसऱ्या दिवशी फुलं बाजारात जायची होती, आणि हा माणूस एका शिकाऊ पोराला गाडी उघडायला देत होता. मामी दारातून म्हणाली, "नाहीच बसली तर डोक्यावर पाट्या घेऊन जा दोघं."

विषयावर येतो. टाळतोय, कळतंय मला.

एके वर्षी आमच्यासारख्या गाडीवेड्यांनी गंगापूर धरणाच्या बाजूला मेळावा ठरवला. कच्च्या चढावर भरलेली पिकअप कोण सहज काढतो, अशी गंमत. माझ्या मनात आलं, मामांचीच गाडी न्यावी. जुनी, ओळखीची, रोज राबणारी. ती चढली तर माझ्या कामाचं नाव होईल. मामांना विचारलं. ते म्हणाले, "मला त्यातलं काय कळतंय? तुला बरं वाटंल ते कर."

मी मनापासून निवडून एकेक काम केलं. हवा थंड करणारा इंटरकूलर मोठा घातला, सायलेन्सर बदलला – आवाज भारदस्त यावा म्हणून, दुसरं काही कारण नाही. मग टर्बोचा पाइप काढला. आत तेल होतं. बोटाने त्याचा दांडा हलवून पाहिला, तर तो हलायला नको इतका हलत होता. म्हणजे तेल अडवणारं सील गेल्यात जमा. दुसऱ्या कुणाची गाडी असती, तर मी लॅपटॉप मिटून ठेवला असता.

नवा टर्बो मागवला. पण तो मेळाव्याआधी येणार नव्हता. मग मी काय केलं? जुन्या टर्बोवरच दाब वाढवला. एका रविवारचा तर प्रश्न आहे, म्हटलं.

गाडी चढली. अशी चढली, की लोकांनी शिट्ट्या मारल्या. मामा खाली उभे राहून हसत होते. शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "भाचा हाय माझा."

पुढे नवा टर्बो आला. आणि आला त्याच दिवशी दिंडोरीचा एक बागायतदार तशीच पिकअप घेऊन दारात उभा, टर्बो फुटलेला, द्राक्षाच्या बागेतली कामं अडलेली. मी मामांचा टर्बो त्याच्या गाडीत बसवला. मामा काय, घरचेच. घरचं माणूस थांबतं. दुसरा मागवीन असं ठरवलं, आणि मग – मग राहून गेलं. निदान दाब तरी पुन्हा कमी करायचा होता. लॅपटॉप जोडून काही मिनिटांचं काम. तेही केलं नाही, कारण गाडी काय मस्त ओढते असं मामा सगळ्यांना सांगत होते आणि मला ते ऐकायला आवडत होतं.

नवरात्रात त्यांचा फोन आला. "सकाळी गाडी चालू केली का निळा धूर सोडती रे. आणून दाखवू का?"

निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळतंय. हे मला तेव्हा माहीत नव्हतं का? हे तर मी पहिल्या वर्षाला शिकलो होतो. पण वर्कशॉप गाड्यांनी भरलेलं होतं. मी म्हणालो, "डिझेलात पाणी असेल मामा, दुसऱ्या पंपावर भरत जा. दसरा झाला की बघतो."

ते बरं म्हणाले. त्यांनी पंपही बदलला.

दसऱ्याच्या आदल्या सकाळची गोष्ट. शेवंतीने गाडी भरलेली. मामांच्या शेडपासून गेटपर्यंत उताराची वाट आहे. मामी रोजच्यासारखी पुढे जाऊन गेट उघडून धरून उभी होती. गाडी निघाली आणि अर्ध्या वाटेत इंजिन एकाएकी किंचाळायला लागलं. तोडणीवरच्या बायकांनी तो आवाज शेतातून ऐकला. सगळीकडे धूर झाला. गाडी सुसाट खाली आली, गेटवर आदळली, खांबाला धडकली आणि तिथे बंद पडली. गेट आणि खांब यांच्यामध्ये मामी होती.

मामी वाचली. तिचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

लोक धावले तेव्हा मामा तिच्याजवळ जमिनीवर बसले होते आणि गाडीची चावी त्यांच्या मुठीत होती. एवढं लक्षात ठेवा – चावी मुठीत होती.

सगळ्यांनी एकच अर्थ काढला. म्हातारा गोंधळला, ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. आवाजही तसाच आला होता ना? पूर्ण दाबल्यासारखा. मोडलेली गाडी अर्थातच माझ्या वर्कशॉपमध्ये आली. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि पाइप काढला. तेल नुसतं ओघळलं. टर्बोचं सील फुटलं होतं. असं झालं की डिझेल इंजिन स्वतःचंच तेल ओढून घेतं आणि त्यावर पळत सुटतं. पाय काढा, चावी फिरवा, चावी काढून खिशात घाला – ते थांबत नाही. चावीने डिझेल बंद होतं, तेल बंद होत नाही. क्वचित होतं असं. पण होतं. आमच्या धंद्यात हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

क्लच दाबून इंजिन चाकांपासून सोडवायचं, असं तुम्ही म्हणाल. हो. पण चावी काढल्यावरही जी गाडी थांबत नाही, आणि समोर आपली बायको उभी आहे, तिथे कुणाला काय सुचेल हे मला सांगू नका. मी स्वतःलाही ते म्हणून पाहिलंय. त्याने काही हलकं होत नाही.

मी पाइप धुतले. इंजिनाचे आकडे कंपनीचे होते तसे करून टाकले. आणि नवा टर्बो मागवून बसवला – हो, तेव्हा मिळाला, तेव्हा वेळही मिळाला.

तरीही इथपर्यंतचं सगळं मी कदाचित कधीतरी बोललो असतो. चूक होती, निष्काळजीपणा होता, माणसं असं कबूल करतात. पुढचं आहे ते वेगळं आहे.

हॉस्पिटलमध्ये वॉर्डबाहेरच्या बाकावर मामा, त्यांची मुलगी वैशाली आणि मी बसलो होतो. वैशाली इंदिरानगरला दिलेली, माझ्याहून लहान. ती रडून रडून थकली होती आणि आता तिला राग आला होता.

"बाबा, किती वेळा तेच तेच बोलणार? चुकून झालं म्हणा ना. कुणी तुम्हाला फाशी देतंय का?"

मामा मान हलवत होते. "मी पाय काढला व्हता. ब्रेक दाबला. चावी बी काढली. तरी ती थांबंना, वैशू."

"असं कसं होईल? दादा, आता तूच सांग यांना. तुला कळतं गाड्यांमधलं."

मामा माझ्याकडे वळले. त्यांनी माझं मनगट धरलं. मला अजून तो हात आठवतो, गुलाबाच्या काट्यांनी खरबरीत झालेला. "हां, तू सांग. तू सांगशील ते मी मानीन. चावी काढल्यावर बी इंजिन पळत ऱ्हातं का? असं व्हतं का कधी?"

केवढा लहान प्रश्न होता. 'होतं' एवढंच म्हणायचं होतं. टर्बोचं, मेळाव्याचं, कशाचंच नाव न घेता नुसतं 'होतं, मामा, क्वचित होतं' म्हणालो असतो तरी तो माणूस सुटला असता.

मी म्हणालो, "नाही मामा. चावी काढली की इंजिन बंदच पडतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही. संशय असता तर बरं झालं असतं. वर्गात उत्तर चुकलं की पोरगं मास्तरांकडे बघतं, तसं पाहिलं. मग मनगट सोडलं आणि म्हणाले, "मंग पाय माझाच."

बस्स. तिथून पुढे त्यांनी वाद घातला नाही.

मामी घरी आली. गावातल्या बायका भेटायला यायच्या, कुजबुजायच्या. एक दिवस तिने सगळ्यांसमोर, मीही होतो तिथे, स्पष्ट सांगितलं. "त्यांनी मुद्दाम केलं का? झालं ते झालं. या घरात पुन्हा तो विषय काढायचा नाही." मामा खाली मान घालून बसले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. एका बाईने पदर डोळ्यांना लावला. मामी केवढ्या मोठ्या मनाची, असं सगळे म्हणाले. आणि माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो प्यायलो. न केलेल्या गुन्ह्याची माफी एक माणूस हात जोडून घेत होता आणि ज्याने ती मागायला हवी होती तो बशीत चहा ओतत होता.

मामांनी गाडी सोडली. पिकअप विकली, आणि गिऱ्हाइकाला ती चालवून दाखवायलाही मीच गेलो. मामा मामीला आंघोळीच्या खोलीपर्यंत धरून न्यायचे, कृत्रिम पायाचे पट्टे बांधायचे, रात्री जखमेच्या जागी तेल लावायचे. एकदा मी न सांगता गेलो, तर मामा अंगणात खाटेवर एकटेच बसले होते. समोर हवेत दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरलेलं, आणि पाय जमिनीवर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. दाबून बघत होते. डोळे मिटलेले. मी गेटवरूनच मागे फिरलो.

गेल्या वर्षी मामा गेले. झोपेत गेले, सगळे म्हणाले पुण्यवान माणूस. दशक्रियेला मामी माझा हात धरून म्हणाली, "शेवटपर्यंत मी त्यांना एका शब्दाने टोचलं नाही. एवढं तरी समाधान आहे बघ मला." तेव्हा सांगता आलं असतं. आता सांगून तिचं एवढं समाधानही कशाला काढून घ्यायचं, असं मी स्वतःला सांगतो. खोटं आहे ते. मी घाबरतो, एवढंच आहे. तेव्हा घाबरलो होतो आणि आताही घाबरतो.

मामा जाण्याआधी काही महिने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी माझ्या गाडीतून नेत असे. पुढे, माझ्या शेजारी बसायचे. बसले की चपला काढायचे आणि दोन्ही पाय वर सीटवर घेऊन मांडी घालायचे. गुडघे आखडलेले, त्रास व्हायचा, दिसायचं. एकदा सिग्नलला थांबलो असताना मी म्हटलं, "मामा, पाय खाली सोडा की. आरामात बसा."

ते म्हणाले, "नको बाबा. माझा पाय कुठं पडंल काय भरवसा?"

त्यांच्या बाजूला काहीच नव्हतं. ना ब्रेक, ना अ‍ॅक्सिलरेटर. नुसती रबरी चटई.

सिग्नल सुटला, मी गाडी पुढे घेतली.