परतीचा डबा

विश्रामबागेत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आष्ट्याकडच्या एक काकू राहतात. बेल असूनही त्या कडीच वाजवतात. वाटीभर भाजी दिली तरी वाटी कधी रिकामी परत करत नाहीत. मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, काहीतरी तिच्यात असतंच. मला या देण्याघेण्याचा कंटाळा आला. मग मी हॉटेलातून आलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यांतून द्यायला लागले आणि वर सांगायचे, "टाकून द्या, परत नको."

परवा कडी वाजली. काकूंच्या पिशवीत माझे पाचही डबे होते, घासून लख्ख केलेले. एकात शेंगदाण्याची चटणी, एकात हुलगे, एकात हळद, सगळे भरलेले.

"टाकू कशी वैनी? रिकामं द्याया बरं वाटंना, म्हणून थांबले व्हते. काल गावाकडनं समदं आलं." मग पिशवी माझ्याकडे देत म्हणाल्या, "आमचा संक्रांतीचा डबा गावला तर तेवढा बघा."

त्यांच्या तिळाच्या लाडवांच्या डब्यात मी भांड्यांच्या घासण्या ठेवत होते. त्या काढल्या, डबा विसळला आणि तसाच ओला, रिकामा त्यांच्या हातात दिला.

काकूंनी तो पदरानं पुसला. झाकण मात्र उघडलं नाही.