माझ्या एम.एस्सी.चं घरगुती निवड मंडळ

"शिकू दे गं थोडे दिवस. पहिलं बाळ झालं की झाडंबिडं सगळं विसरेल."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. सासूबाई हॉलमध्ये त्यांच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या आणि मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मध्ये ओली चादर होती, म्हणून मी त्यांना दिसले नाही. मी चादरीला चिमटे लावले. गरजेपेक्षा बरेच जास्त लावले.

लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही. नाशिक रोडच्या या घरात सासूबाई, सासरे, माझा नवरा केदार आणि मी, तेव्हा केदारचे आजोबाही होते. वरच्या मजल्यावर भाऊकाका, म्हणजे माझे चुलत सासरे. नैसर्गिक संसाधनं आणि संवर्धन या विषयात मला एम.एस्सी. करायचीय, हे मी लग्न ठरतानाच सांगितलं होतं. सगळे म्हणाले होते, "हो हो, करू दे की." त्यानंतर जे जे कानावर पडलं ते मी मैत्रिणींना ग्रुपवर सांगत गेले. आधी त्या हसायच्या. मग एकीने लिहिलं, "तुला राग नाही का येत?"

येतो. पण कमी बोलणाऱ्या माणसाकडे तो साठत जातो, आणि साठला की त्याचे असे किस्से होतात.

*

रविवारी पोहे खाताना भाऊकाकांनी विचारलं, "नेमकं शिकवतात काय यात?"

मी सांगितलं. जंगल, पाणी, जमीन. त्यावर हक्क कोणाचा, वापरायचं किती, राखायचं कसं. सगळे खाणं थांबवून ऐकत होते. मला फार बरं वाटलं.

काकांनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे पुढे फॉरेस्टमध्ये ओळखी होणार."

"होतील."

"मग करच तू. वरच्या मजल्याचे दरवाजे बदलायचेत. सागवान चांगलं मिळेल."

*

माझ्या मनात दोन कोर्स होते. एक डेहराडूनचा, पहिल्याच सहामाहीत फील्डवर नेणारा. दुसरा दक्षिणेतला, पाण्यावर भर असलेला. विषय काय, शिकवतं कोण, आधीच्या मुली पुढे काय करतात, सगळं मी बघून ठेवलं होतं.

आमच्या घरात यातलं काहीच लागत नाही. इथे गाव ठरवायची पद्धत एकच: तिथे आपलं कोण आहे? मावशी पुण्यात, म्हणून केदारचं इंजिनिअरिंग पुण्यात. काकांचा मेहुणा मुंबईत, म्हणून सासऱ्यांचं बायपास मुंबईत.

"डेहराडूनला आपलं कोण आहे?" सासूबाईंनी विचारलं.

कोणीच नव्हतं. दक्षिणेत तर नाहीच नाही. दुसऱ्या दिवशी त्या खुशीत स्वयंपाकघरात आल्या. "इंदूरला कर तू. माझी मावसबहीण आहे तिथे. घरचं जेवण, सोबत, कसली म्हणून काळजी नाही."

"आई, पण मला हवाय तो कोर्स इंदूरला नाहीये."

"अगं, विचारून तर बघ. ती लावेल काहीतरी ओळख."

पुढचा आठवडाभर मी इंदूरला जाणार असंच घरात चाललं होतं. त्या मावशींनी माझ्यासाठी वरची खोली झाडूनसुद्धा घेतली.

*

डेहराडूनच्या कोर्सची मुलाखत ऑनलाइन होती. सगळ्यांना सांगून झालं होतं, बेडरूमचं दार लावलं होतं, पंखा आवाज करतो म्हणून तोही बंद. समोर स्क्रीनवर तीन प्राध्यापक. त्यातल्या मॅडमनी विचारलं, गावाच्या सामायिक तळ्याबद्दलचा निर्णय कोणी घ्यावा, जे पाणी वापरतात त्यांनी की ज्यांचा गावात शब्द चालतो त्यांनी?

मी तोंड उघडलं आणि दार उघडलं. सासूबाई. "कुकर लावलाय, तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर. मी जरा खाली जाऊन येते."

घरात सासरे होते. केदार होता. भाऊकाका तर पेपर वाचायला खास आमच्याकडे आले होते.

तिकडे मॅडम म्हणाल्या, "आधी गॅस बंद करून या. आम्ही थांबतो."

मी गेले. कुकरच्या शेजारीच, हॉलमध्ये, तिघे पुरुष बसले होते. शिट्ट्या तिघेही मोजत होते. केदार म्हणाला, "दोन झाल्यात."

तिसरी होईपर्यंत मी तिथे उभी राहिले. परत येऊन त्या तळ्याचं जे उत्तर दिलं, तसं मला पुन्हा कधी देता येईल असं वाटत नाही.

*

माझी निवड झाली. केदारने ऑफिसच्या ग्रुपवर लगेच टाकलं, "प्राउड हजबंड." खाली टाळ्या, हार, लाडू, काय काय. त्याने मला सगळं वाचून दाखवलं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. "काय रे, कसलं एवढं हसताय?"

"काही नाही गं आई. ऑफिसचं."

नंतर मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तर म्हणाला, "मी कुठे नाही म्हणतोय?"

तो कधीच नाही म्हणत नाही. हो म्हणतानाही मी त्याला अजून ऐकलेलं नाही.

*

मग वटपौर्णिमा आली. वडाचं झाड आमच्या कॉलनीच्या मागेच आहे, पण तिथे गर्दी असते, चिखल असतो. म्हणून आमच्या बिल्डिंगमध्ये बाजारातून फांदी आणून कुंडीत खोचतात आणि तिला दोरा गुंडाळतात. आदल्या दिवशी सासूबाईंनी माझ्या हातात पिशवी दिली. "चांगली पानं बघून आण. तुला कळतं त्यातलं."

मी म्हटलं, "आपण झाडाकडेच जाऊया ना. मी नेते तुम्हाला."

"पहिलीच वटपौर्णिमा आहे तुझी. लेक्चर नको."

मी फांदी आणली. दुसऱ्या दिवशी घंटागाडी आली तेव्हा सगळ्या मजल्यांवरच्या फांद्या एकदमच खाली उतरल्या, दोऱ्यांसकट. गाडीवाला वैतागला. "हे ओल्यात टाकू का सुक्यात?"

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. सासूबाई अभिमानाने म्हणाल्या, "हिला विचारा. ही त्यातलंच शिकणार आहे."

*

एका सकाळी मागच्या बंगल्याच्या आवारात बिबट्या शिरला. आमच्या नाशिकला याचं आता फार नवल राहिलेलं नाही, तरी घाबरायचं ते घाबरतातच. भाऊकाका वरून खाली आले आणि माझ्या मागे उभे राहिले. "सायली, तू त्यातली ना? सांग काय करायचं."

मी वनखात्याला फोन केला. मग गॅलरीतून ओरडून सांगितलं, मुलांना आत घ्या, दारं लावा, गर्दी करू नका, त्याला जायला वाट ठेवा. अर्धी कॉलनी मोबाइल घेऊन कंपाउंडवर चढली. बिबट्या बिचारा कुठे रिकामी भिंत दिसते ते शोधत फिरला आणि सापडली तशी उडी मारून निघून गेला.

संध्याकाळी काका मला समजावायला आले. "बघितलंस ना? असल्या कामात बाईचं कोणी ऐकत नाही. म्हणून म्हणतो, बी.एड. कर."

*

जुलैमध्ये केदारचे आजोबा गेले. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. वय झालं होतं, झोपेतच गेले. "कधी निघतेस?" असं मला विचारणारा घरात तो एकच माणूस होता. तेराव्यानंतरच्या सोमवारचं माझं डेहराडूनचं तिकीट होतं. ते सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं.

दशक्रिया गोदाकाठी. पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. समोर कठड्यावर एक बसला होता, पण उतरेना. मग आमच्याकडे करतात ते सुरू झालं. गेलेल्या माणसाची कोणती इच्छा राहिली असेल ते ओळखायचं आणि मोठ्याने शब्द द्यायचा. सासरे म्हणाले, "दादा, कुलदैवताला सगळे जाऊन येऊ." कावळा ढिम्म. सासूबाई म्हणाल्या, "गावाकडची जमीन विकणार नाही." ढिम्म. केदार म्हणाला, "तुमची स्कूटर मी चालू ठेवीन."

मी कावळ्याकडे बघत होते. भाऊकाका दर वेळी हात जोडून पिंडाजवळ यायचे, आणि तो दर वेळी कठड्यावर मागे सरकायचा.

शेवटी काकांनी घसा साफ केला. "दादा, काळजी करू नका. सायली कुठेही जाणार नाही. घरीच राहील. मी शब्द देतो." नमस्कार केला आणि चांगले लांब जाऊन उभे राहिले.

कावळा उतरला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. "बघ, यातच जीव अडकला होता त्यांचा." गुरुजींनी मान डोलावली. केदार पाण्याकडे बघत होता.

एवढ्या माणसांसमोर मी लग्नानंतर एकदाही बोलले नव्हते. आवाज थोडा मोठाच निघाला.

"काका, शब्द तुम्ही दिलात. तुम्ही राहा घरी. मी सोमवारी निघतेय."