तीर्थनच्या काठावर बांधलेला किडा

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं नाशिकरोडला गाडीत चढलो तेव्हा दिलीपचा मासेमारीचा दांडा माझ्या हातात होता. दिलीप माझा धाकटा भाऊ, मोटार वाइंडिंगचा कारागीर. वर्षापूर्वी त्याचा उजवा हात यंत्रात सापडला आणि तीन बोटं कायमची ताठ झाली. त्याआधी देवळालीच्या एका निवृत्त सुभेदारांकडे तो ट्राउट माशासाठी ‘निंफ’ बांधायला शिकला होता. निंफ म्हणजे पाण्यातल्या अळीसारखा दिसावा म्हणून गळावर दोरा, पिसं गुंडाळून केलेला खोटा किडा. ट्राउट धरायला हिमाचलात कुलूला जायचा बेत तेव्हाचाच. अपघातानंतर तो त्याबद्दल बोलेना, म्हणून तिकिटं मीच काढली.

दोन बस बदलून तीर्थन नदीच्या काठी पोचलो. पाणी इतकं नितळ की गुडघाभर समजून मी पाय टाकला आणि कमरेपर्यंत भिजले. दिलीप हसला. कितीतरी महिन्यांनी.

मासेमारीचा परवाना तीन दिवसांचा. पहिले दोन दिवस एकही मासा लागला नाही. अपघातापूर्वी बांधलेले त्याचे हिरवे, चमकदार किडे एकेक करून दगडांत अडकून तुटले.

“संपलं ताई. मला आता बांधता येत नाही,” तो म्हणाला.

“मला शिकव की.”

“तुझ्या शाळेतल्या मुलांना शिकवण्याइतकं सोपं नाही ते.”

नदीचे राखणदार ठाकूरजी शेजारीच उभे होते. आमचा मुक्काम त्यांच्याच घरी होता. त्यांनी पाण्यातला एक दगड उचलून उलटा केला. “पहले देखो, मछली खाती क्या है।” दगडाला चपटे, मातकट किडे चिकटले होते. नखाएवढेसुद्धा नव्हते.

दिलीप वाकून बघत राहिला. “आपले फार मोठे होते गं. आणि रंगही चुकला.”

त्या संध्याकाळी ठाकूरजींच्या पत्नी पट्टूसाठी (अंगावर घ्यायची लोकरीची चादर) सूत कातत होत्या. मी चिमूटभर तपकिरी लोकर मागितली. चुलीजवळ बसून दिलीप सांगत होता आणि मी गुंडाळत होते. आधी तांब्याची बारीक तार, म्हणजे किडा बुडेल. वरून लोकर, पातळ. पहिले दोन भिजवताच सुटले.

“वाइंडिंगसारखंच आहे. वेढ्याला वेढा लागू दे,” तो म्हणाला. तिसरा टिकला.

सकाळी त्याने डाव्या हाताने दांडा फिरवला. चार-पाच वेळा दोरी झुडपातच गेली. मग किडा एका खडकामागे बुडाला, दोरी क्षणभर थांबली आणि ताणली गेली.

“ताई, जाळी!”

लाल ठिपक्यांचा, वीतभर मासा. इतका लहान मासा ठेवायची परवानगी नव्हती. दिलीपने गळ सोडवला आणि त्याला पाण्यात जाऊ दिलं. जेवायला सिड्डू (वाफवलेली, आत सारण भरलेली पोळी) आणि तूप होतं. त्याने चार खाल्ले.

घरी आल्यावर सगळे विचारतात, हिमालय कसा आहे? खरं सांगायचं तर शिखरांकडे माझं फारसं लक्षच गेलं नाही. एक माणूस पुन्हा कामाला लागताना पाहत होते मी. परतीच्या गाडीत भुसावळ सोडल्यावर दिलीपने माझ्याकडे गळ मागितला. “तू नुसता घट्ट धर,” म्हणाला, आणि डाव्या हाताने तार गुंडाळू लागला. मनमाड आलं तरी किडा अर्धाच झाला होता, वाकडा आणि जाड.

त्याने तो उजेडात धरून पाहिला, तार पुन्हा सोडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.